सहा पॉइंट तीन

मंगळवार, ४ नोव्हेंबर

परत लाल! नव्या कॉम्प्युटरवर आमच्या दूध-हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सगळ्या टेस्ट पास, आणि त्या जुन्या डबड्यावर एकच नापास. म्हशीच्या दुधाची फॅट ६.३ दिली की पावतीवर ६.२ छापतंय. धैर्यशील सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पूर्णिमा, तुझंच कायतरी चुकलंय बघ." चुकलेलं नाही! चार ओळींचा हिशेब आहे, झोपेतही बरोबर लिहीन.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सर म्हणतात, टेस्टच काढून टाक. "असली जुनी मशीन आता वापरतंय कोण?" आमच्या मुरगूडकडच्या गावांतनं बघा की जरा! हे डबडंसुद्धा आमच्याच गावच्या दूध संस्थेतनं आलंय, नवं घेतल्यावर भंगारात निघालेलं. ह्याच्यावरच आण्णा कित्येक वर्षं फॅट मोजत बसले, आणि ह्याच्यावरच चोर ठरले. फॅट कमी लागली की दुधाला दर कमी, म्हणून लोक म्हणायचे, "फॅट मारतंय म्हातारं." वरचे साहेब आले, तपासणीची लांबलचक पावती काढली, मशीन अगदी बरोबर. मग चोर कोण? मशीनवर बसणारा! माझा बाप! तेव्हापासून आण्णा संस्थेवरनं जात नाहीत. बाजाराला जायचं तरी मळ्यातनं वळसा.

टेस्ट काढणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कसलं भूत आहे हे! आकडा कुठं बिघडतो ते बघायला हिशेबाच्या मध्ये आकडा छापायची एक ओळ घातली — टेस्ट पास. ओळ काढली — नापास. बघत बसलं की सरळ, पाठ फिरली की बदमाश!

सर हसले. "झालं की आपोआप बरं. ऱ्हाऊ दे ती ओळ." आपोआप गळूसुद्धा बरं होत नाही सर! तोंडावरच बोलले. जरा जास्तच झालं. होऊ दे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडला! कोड नाही, कंपायलर! मी लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवायचं एवढंच त्याचं काम, पण जुन्या मशीनसाठी उतरवताना हा दीडशहाणा वेळ वाचवायला जातो. सहा पॉइंट तीनला दहानं गुणून आलेला आकडा नीट ६३ करून ठेवतच नाही. ६२.९९९ असा अर्धवटच पुढं ढकलतो, आणि दशांश तोडला की उरतात ६२. हा मधला आकडा छापायचा असला तर मात्र आधी लिहून ठेवावा लागतो, तिथं तो गुपचूप ६३ होतो. त्याची वेळ वाचवायची सोय बंद केली — पास! ओळबिळ काही न घालता!

सरांनी स्वतः दोनदा टेस्ट चालवून बघितली. "च्यायला, कंपायलर चुकतोय व्हय?" व्हय! टेस्ट राहिली. चहा सरांनी पाजला. दोन कप प्यायले, हक्कानं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी भांडी घासता घासता हात थांबला. तपासणीच्या पावतीवर तर हिशेबातला मधला एकेक आकडा छापतात!

तशीच ऑफिसला पळाले. डबड्यावर आण्णांच्या वेळचं सॉफ्टवेअर अजून आहे, तेही असल्याच कंपायलरनं उतरवलेलं. ६.३ दिलं. रोजची पावती: ६.२. तपासणीची पावती: ६.३.

आण्णांना फोन लावला. दोनदा समजावून सांगितलं. मग म्हणाले, "ते डबडं घिऊन ये. उद्या दूध घालायच्या टायमाला संस्थेत लावू, समद्यांफुडं. आणि मळ्यातनं न्हाय जायाचं. सरळ रस्त्यानं जाऊ."