सी टॉवर, एकोणिसावा मजला, पश्चिमेकडचा फ्लॅट

मी, गोगिनेनी सामराज्यम, कै. कोटेश्वरराव यांची पत्नी, वय ७३, राहणार श्रीनगर कॉलनी, हैदराबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर घरच्यांचे दडपण बाजूला सारून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाचे वकील सर्वांत आधी तोच मागतील. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. ती लिहिली तेव्हा माझी मुले मला आजच्याइतकी माहीत नव्हती.

१. मालमत्ता कुठून आली, ते आधी सांगते. लग्नात वडिलांनी मला तेनालीजवळची, कालव्याकाठची भातशेती पसुपु-कुंकुम म्हणून दिली. हळदीकुंकवाची ही जमीन बाईची असते, नवऱ्याची नव्हे. १९८४ साली ती विकून आम्ही हैदराबादबाहेर खडकाळ माळ घेतला. माझा भाऊ म्हणाला, "अक्का, भात देऊन धोंडे घेतलेस. आता धोंडे शिजव आणि खा!" धोंडे शिजले. त्याच माळावर आमची बांधकाम कंपनी उभी राहिली. कंपनीच्या कागदांवर माझे नाव मात्र बँकेने तारण मागितले तेव्हा आले, त्याआधी नाही. नवऱ्याविषयीची ही तक्रार मी त्यांच्या हयातीत केली होती. त्यांनी ऐकले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२. मल्लिका अपार्टमेंटमधील माझे तीन फ्लॅट व त्यांचे भाडे माझी सून निहारिका हिला द्यावे. ही चार मजली इमारत यजमानांनी बांधली. खिडक्यांवर हातभर रुंद छज्जे, कोपऱ्यात विहीर, गच्चीवर चुन्याचा पांढरा थर. त्यांना पर्यावरणाचे प्रेम होते असे कोणी भाषणात सांगू नये. ते चिक्कू होते. गिऱ्हाईक विजेच्या बिलाने रडले तर पुढचे गिऱ्हाईक आणत नाही, एवढेच त्यांना कळत होते. निहारिका स्थापत्य अभियंता आहे. लग्नानंतर तिला कंपनीत घेतले आणि नमुना फ्लॅटमधल्या उशांचे रंग निवडायला बसवले. भिंत सरळ आहे का ते पाहायचा यजमानांचा पितळी ओळंबाही तिलाच द्यावा. त्या घरात तो वापरता येणारी ती एकटीच उरली आहे.

३. माळावरचा शेवटचा दीड एकर तुकडा, त्यावरील मोठ्या खडकासह, माझी मुलगी हिमबिंदू हिला द्यावा. ती सिंगापूरला असते आणि कंपन्यांचे पर्यावरण अहवाल लिहिते. तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या कंपनीचाही तिनेच लिहिला. त्यात "प्रकल्पातील नैसर्गिक शिळा जतन केल्या आहेत" असे वाक्य आहे. शिळा सुरुंगाने उडवल्या आणि बागेत सिमेंटच्या बसवल्या. मी फोनवर विचारले, तर म्हणाली, "अम्मा, फोटोत दिसत होत्या ना!" मी म्हटले, "फोटोत तर तुझा भाऊही हसताना दिसतो." हा खडक तरी तिने स्वतः येऊन, हात लावून पाहावा. आली नाही, तरी खडक तिचाच. विकायचा झाल्यास भावाला विकू नये.

४. आता ज्यासाठी सगळे थांबले आहेत ते. वनश्वास होम्स या आमच्या कंपनीतील माझे सत्तावीस टक्के शेअर. कंपनी शेअर बाजारात उतरणार आहे. हे शेअर ज्याच्याकडे जातील त्याच्याकडे कंपनी राहील, नाहीतर गुंतवणूकदार ती गिळतील. माझा मुलगा श्रीकर हे जाणतो, म्हणून दर रविवारी माझ्यासाठी पूतरेकुलू या गोड मिठाईचा डबा घेऊन येतो. मला मधुमेह आहे हेही तो जाणतो.

त्याच्यावर अन्याय नको, म्हणून त्याच्या बाजूचे आधी लिहिते. यजमान गेले तेव्हा कंपनी कर्जात बुडालेली होती. श्रीकरने तिचे नाव बदलले, हरित मानांकनाची पाटी मिळवली. पाटी लागली त्या वर्षी व्याज उतरले आणि फ्लॅटचे भाव चढले. नफा खरा आहे. पाटीही बनावट नाही. ती नकाशाला मिळाली, आणि नकाशात उन्हाळा नसतो.

इमारतीत असतो. त्याच्या वनश्वास आकाश प्रकल्पात पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि ती उघडत नाही. सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र पाहणीच्या आदल्या दिवशी सुरू होते. पाण्याचे टँकर मागच्या फाटकाने येतात, कारण पुढच्या फाटकावर वेली रंगवल्या आहेत. तिथल्या अठराव्या मजल्यावरच्या सईदा बानू, निवृत्त शिक्षिका, हे सांगायला माझ्या घरी आल्या होत्या. श्रीकर समोरच बसला होता.

"बेटा, तुमच्या काचेपाशी दुपारी भांडं ठेवलं की चहा गरम राहतो," त्या म्हणाल्या. "तेवढा गॅस वाचतो. हेही तुमच्या पुस्तिकेत छापा."

"आंटी, जाड पडदे लावा. आपली कंपनीच देते, सवलतीत."

"पडदे लावून अंधारातच बसायचं होतं, तर काचेचे पैसे कशाला घेतले?"

तो हसला आणि त्यांना पूतरेकुलू दिले. त्या निघून गेल्यावर मला म्हणाला, "अम्मा, एकदा चावी दिली की तो हिशेब आपल्या वहीतून जातो." बिल्डरचा हिशेब जिथे मिटतो तिथे राहणाऱ्याचा सुरू होतो, हे त्याच्या वडिलांना कळत होते. त्यांच्या वेळी नफा कमी होता, हेही खरे आहे.

श्रीकरने आजवर स्वतःच्या एकाही इमारतीत मुक्काम केलेला नाही. तो जुबिली हिल्सला स्वतंत्र बंगल्यात राहतो. बंगल्याला छज्जे आहेत.

म्हणून अट अशी: वनश्वास आकाश प्रकल्पातील सी टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर, पश्चिमेकडे, माझ्या नावे एक फ्लॅट आहे. त्यात श्रीकरने लागोपाठ दोन उन्हाळे, मार्च ते जून, राहावे. इतरांना मिळते तेवढेच पाणी त्याला मिळावे. वीज बिल त्याने स्वतः भरावे, कंपनीने नव्हे. काच बदलायची असेल तर सगळ्यांची बदलावी, एकट्याची नाही. सून आणि नातवंडांना ही अट लागू नाही. त्यांनी काही केलेले नाही. तोवर शेअर माझे वकील सोमयाजुलु यांच्या ताब्यात राहतील. पाहणी करणारे कळवून येतात. सोमयाजुलु यांनी न कळवता जावे. अट पाळली, तर शेअर श्रीकरचे. मोडली, तर ते प्रकल्पातील रहिवाशांच्या न्यासाला जातील, आणि कंपनी कशी चालवायची ते तेच ठरवतील.

५. बँकेतील ठेवी माझ्या आजारपणाचा खर्च वजा जाता घरकामाच्या पद्मा हिला द्याव्यात. तिने कधी काही मागितले नाही, असे मी लिहिणार नाही. ती दर महिन्याला मागते. तिने कामही केले आहे.

६. माझ्या निधनाची पानभर जाहिरात देऊ नये. माझ्या नावे रोपे लावून फोटो काढू नयेत. लावायचीच असतील तर मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्याचे नाव आधी ठरवावे.

७. फसवले असे पुढे म्हणता येऊ नये, म्हणून हा मसुदा सही करण्यापूर्वी मी श्रीकरला वाचायला दिला. सोमयाजुलु हजर होते. त्याने कलम ४ दोनदा वाचले. 

मग म्हणाला, "अम्मा, मे महिन्यात त्या फ्लॅटमध्ये माणूस कसा राहील?"

मी सोमयाजुलुंना सांगितले, "हे वाक्य त्याच्या नावासह आत्ताच उतरवून घ्या. मृत्युपत्र वाचाल तेव्हा रहिवाशांना बोलवा आणि हे वाक्य मोठ्यानं वाचा."

"अम्मा, माझं ते वाक्य खोड," श्रीकर म्हणाला. "बाकीचं सगळं राहू दे. तेवढं एक खोड."

खोडलेले नाही. कलम ४ मध्येही बदल नाही.

सही: गोगिनेनी सामराज्यम

वरील सही आमच्या समक्ष झाली. या मृत्युपत्रात आम्हां दोघांना काहीही मिळणार नाही, हे आम्ही वाचून खात्री करून घेतले आहे.

साक्षीदार १: डॉ. पोलवरपु जानकीराम, श्रीनगर कॉलनी
साक्षीदार २: मंदा एलिझाबेथ, निवृत्त ग्रंथपाल, अमीरपेट

हैदराबाद, दि. १४ फेब्रुवारी २०२५