घोटभर तरी घ्यायचं

११ जानेवारी २०२५
ठरलं! पुढच्या महिन्यात जपान. मी आणि हे.

स्वराजचा फोन आला तेव्हा मी कांद्यात खुरपत होते. चार वर्षं झाली तो तिकडे नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात आहे. तिथल्या हारुकाशी लग्न करायचंय त्याला. मुलगी लाघवी आहे, फोनवर मला 'आई' म्हणते. तिची आई तयार आहे, वडील अजून हो म्हणत नाहीत. मुलाचे आईवडील बघायचेत त्यांना! म्हणजे तीस वर्षांपूर्वी कळंबमध्ये मला बघायला आले, आता म्हातारपणी पुन्हा दाखवायचा कार्यक्रम.

स्वराज म्हणाला, आई, तिकडे त्यांच्या रीती वेगळ्या. नकळत कुणाचं मन दुखेल असं काही व्हायला नको. एवढी एक भेट नीट पार पडली की झालं.

मी कुणाचं मन दुखवीन? आयुष्यात कधी दुखवलं नाही. सासूबाईंचंसुद्धा नाही, आणि तिथं तर रोज संधी होती.

१६ जानेवारी
वृषालीने वही करून दिली. आमची थोरली, मंचरला शिकवते. शिक्षिका ती, तिला नियम काढायला काय लागतं! सत्तावीस काढलेत. भेट दोन्ही हातांनी द्यायची. चपला काढून टोक दाराकडे करून ठेवायच्या. चारचौघांत नाक शिंकरायचं नाही, ढेकर द्यायचा नाही, फोनवर ओरडायचं नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग मला नेताच कशाला?

पहिला नियम तिने लाल शाईने लिहिलाय — दिलेलं नाकारायचं नाही, घोटभर तरी घ्यायचं. नाकारलं की समोरच्याला वाटतं, आपण त्याला कमी लेखतो.

सगळं जमेल. अडचण एकच, मोठी माणसं बोलत असतील तोवर गुडघे मुडपून टाचांवर बसायचं. मला दोन मिनिटांत मुंग्या येतात!

१९ जानेवारी
चांदबी ब्लाऊज घेऊन आली. समोरच्या आळीला राहते, बावीस वर्षं माझे ब्लाऊज शिवते. माझं माप ती आता नुसत्या नजरेने घेते. तिला म्हटलं, ब्लाऊज झाले गं, पण माझे गुडघे कोण शिवणार? ती हसली आणि पडवीत माझ्यासमोर बसलीच.

"नमाजाला रोज बसते मी, वयनी. पायाचा आंगठा आंगठ्यावर ठेवा. भार मागं टाका आन् श्वास सोडा."

सात मिनिटं बसले! मग तिला चहा दिला. तिचा कप पडवीच्या कोनाड्यात असतो, निळ्या फुलाचा. प्यायली की ती स्वतःच विसळून पालथा ठेवते. मुसलमानांचा कप वेगळा, हे सासूबाईंपासून चालत आलंय. मी काही नवीन केलेलं नाही.

जाताना नेहमीसारखं म्हणाली, घरी या वयनी, चहाला. मी नेहमीसारखं येते येते म्हटलं. तिच्या दारात मी उभ्यानेच ब्लाऊज घेते. तिने चहा विचारला की, "आत्ताच घेऊन निघाले गं." तेवढं सांभाळावं लागतं.

२६ जानेवारी
एकोणीस मिनिटं! चांदबी घड्याळ घेऊन समोर बसली होती.

२ फेब्रुवारी
ह्यांनी जेवणानंतर ढेकर गिळला. प्रगती आहे.

७ फेब्रुवारी, नागोया
पोचलो. थंडी अशी की बोलायला तोंड उघडवत नाही. एका अर्थी बरंच आहे, हे गप्प राहतील.

स्वराज वाळलाय. उद्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन. सारखं विचारतोय, वही वाचलीस का. पाठ आहे म्हटलं.

८ फेब्रुवारी
जिंकलो! जिंकलो! आता क्रमाने लिहिते.

दारात चपला काढल्या, टोकं दाराकडे. ह्यांच्या मीच फिरवल्या. खण आणि चिक्कीचा डबा दोन्ही हातांनी दिला. हारुकाची आई कमरेत वाकली, मीही वाकले, ती पुन्हा वाकली. हा प्रकार थांबवायचा कुणी, ते मात्र वहीत नव्हतं.

मग चटईच्या खोलीत बसलो. हारुकाचे वडील समोर. लहानसा माणूस, बोलत नाही, नुसता बघतो. मी आंगठ्यावर आंगठा ठेवला, भार मागे टाकला. दहा मिनिटं. वीस. हे केव्हाच मांडी घालून मोकळे झाले होते. चाळिसाव्या मिनिटाला समोर हालचाल झाली — बैठक आधी हारुकाच्या वडिलांनी मोडली, मी नाही! हारुकाची आई तोंडावर हात ठेवून हसली. वडिलांनी माझ्याकडे बघून मान लववली. चांदबी तिथं असायला हवी होती.

जेवणात कच्चा मासा. लाल शाई आठवली आणि गोळीसारखा गिळला. दुसरा चक्क चावून खाल्ला, बरा होता. मग ह्यांनी घात केला. फोटो काढायला म्हणून जेवायच्या काड्या भातात उभ्या खोवल्या! तिकडे मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात. वडिलांची मान वळायच्या आत मी काड्या उपटून वाटीवर आडव्या ठेवल्या. कुणाला कळलं नाही. ह्यांनाही नाही.

आणि शेवटी चहा आला. त्यांचे कप रोजच्या वापरातले, कडा झिजलेले. आम्हा दोघांना मात्र दुसऱ्या कपाटातून काढून वेगळे दिले.

वेगळे कप! वेगळा कप म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. कान तापले. एवढे गुडघे मोडले, कच्चा मासा खाल्ला, आणि शेवटी आम्ही बाहेरचेच! उठून जावंसं वाटलं. पण स्वराजचा चेहरा समोर होता. घोट घेतला. चव लागलीच नाही.

तेवढ्यात हारुकाची आई बोलायला लागली, स्वराज सांगत गेला. त्यांच्या घरात प्रत्येकाचा कप आपापला असतो, दुसऱ्याचा कुणी वापरत नाही. हे दोन आमचे. आता त्यांच्या फळीवर राहतील, आम्ही परत येईपर्यंत.

मग वडील बोलले. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"कप मी निवडले. मागच्याच आठवड्यात."

म्हणजे आम्ही विमानात बसायच्या आधीच होकार होता! हे उघडउघड रडले, वर खिशातला रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. सत्तावीस नियमांतला तेवढा एक मोडला. चालतंय. हारुकाची आईही रडत होती.

१४ फेब्रुवारी
घरी. सगळ्या आळीने ऐकलं. शेजारच्या लंकाबाईंना चाळीस मिनिटं दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा पंचेचाळीस झाली. लग्न दिवाळीनंतर. एकही चूक नाही! वृषाली म्हणते, आई, तू वर्ग घे आता.

संध्याकाळी चांदबी आली. बाकी सगळ्यांनी विचारलं काय काय आणलं, हिने विचारलं, "बसता आलं का?" चाळीस मिनिटं म्हटल्यावर तिने पदराने डोळे पुसले. स्वतःच्या पोराचं ठरल्यासारखी खूश.

चहा केला. कोनाड्यातून निळ्या फुलाचा कप काढला. त्याची कड उडालीय, मला आज दिसली. हातात धरून उभीच राहिले, तर ती म्हणाली, काय झालं वयनी? काही नाही म्हटलं आणि त्यातच चहा ओतला. तिने पिऊन विसळून पालथा ठेवला. रोजच्यासारखा.

१५ फेब्रुवारी
नागोयात मला तो कप किती वेळ टोचला? दोन मिनिटं. तीनसुद्धा नसतील.

चांदबीला बावीस वर्षं.

लाज वाटते लिहायला. आज कुणालाच जपानचं काही सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
चांदबीकडे गेले. दारात न थांबता आत जाऊन बसले आणि म्हटलं, चहा कर. तिने शिलाईमशीन थांबवलं. मग स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कपबशी होती, कोरी. धुऊन तिने त्यात चहा ओतला.

"तुमचाच हाय, वयनी. पयला ब्लाऊज शिवला तवाच आणला व्हता. दुसऱ्या कुणाला दिला न्हाई."

वर्तमानपत्राचा कागद तिथंच पडला होता, पिवळा झालेला. तारीख वाचली. ९ जून २००३.