एकतीस तारखेचा डोंगर

१४ तारीख, संध्याकाळ
(सम तारीख. एरवी आमचा दिवस.)

ताई,

नमस्कार. तू बरी असशील. बाबांच्या मनगटाचं प्लास्टर निघालं असं औषधाच्या दुकानात कळलं. हल्ली घरच्या बातम्या मला औषधवाल्याकडून मिळतात आणि तो निम्म्या चुकीच्या देतो, म्हणून विचारतो. निघालं ना? हात वर जातो का? गळ्याजवळचं मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो म्हणतात. त्यांना उशी उंच दे.

फोन तू उचलत नाहीस, त्याची आता सवय झाली. म्हणून पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान टाकून द्यायला तरी.

मी ठीक आहे. महिनाअखेर दुकान रिकामं करून द्यायचंय. भाड्याच्या सायकली एकेक करून गेल्या. दुरुस्तीचा स्टँड, हवेचा पंप, भिंतीवरचं चाकं टांगायचं लाकूडसुद्धा गेलं. आता भिंतीवर फक्त चाकांचे काळे गोल उरलेत, ते घासून निघत नाहीत. मालक भला माणूस. काल येऊन म्हणाला, "वाईट वाटतंय हो, पण इथे एकजण बुटांचं दुकान काढायचं म्हणतोय. डोंगरात चालायचे बूट." मी म्हटलं, छान चालेल. तुमच्या पायी फिरणाऱ्यांच्या संस्थेचे सगळे तिथेच येतील, तूही ये.

परवा डोंगरावर जाऊन तुमची नवी पाटी बघून आलो. पायी गेलो, काळजी नको. अक्षर तुझंच आहे. 'सायकलींना सक्त मनाई', आणि 'सक्त'च्या खाली रेघ. शाळेत निबंधातही तू अशीच रेघ मारायचीस आणि बाई गुण कापायच्या. इथे कापायला कोणी नाही. सोमवारी वनखात्याच्या सुनावणीत ही मनाई कायमची होईल असं सगळे म्हणतात. तू चिटणीस, तूच अहवाल वाचणार.

तो अहवाल मी वाचलाय. 'विषम तारखेस, नियम धुडकावून भरधाव आलेल्या सायकलस्वाराने संस्थेच्या संस्थापकांना मागून धडक दिली व पळ काढला.' वाक्य ठसठशीत आहे. त्यात 'विषम' आणि 'संस्थापक' हे दोन शब्द खरे आहेत.

तो नियम आपण माझ्याच दुकानात बसून केला होता. एका बाजूला तू, एका बाजूला मी, मध्ये वनखात्याचे साहेब, आणि तिघांना दोनच स्टुलं. सम तारखा सायकलींच्या, विषम तारखा चालणाऱ्यांच्या. किती सोपं वाटलं होतं. साहेबांनी तर आपली पाठ थोपटली. मग पहिली एकतीस तारीख आली. एकतीसही विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. आमच्या पोरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, लागोपाठ दोन दिवस चालणाऱ्यांनाच का. तुमचे म्हणाले, विषम म्हणजे विषम. तू आणि मी त्यावरून जेवणाच्या ताटावर भांडलो, बाबा मान खाली घालून जेवत होते. शेवटी कोणी माघार घेतली नाही आणि एकतीस तारखेला कोणी वरही गेलं नाही. तुमचे लोक कटकट नको म्हणून घरी, आमचे लोक बोलणी नकोत म्हणून घरी. वर्षातले सात दिवस अख्खा डोंगर नुसता पडून. जगात कुठे दोन गटांनी रुसून एखादी वाट अशी रिकामी ठेवली असेल असं मला वाटत नाही.

बाबांचा हात मोडला तीही एकतीस तारीखच. आता मला सांग, त्या दिवशी वर कोणीच नव्हतं, तर बाबांना धडक दिली कोणी?

हे मी लिहिणार नव्हतो. बाबांना शब्द दिला होता, आणि आजवर मी तो पाळलाही. तुम्ही पाटी लावलीत तेव्हा गप्प बसलो. वर जाणारी पोरं मलाच विचारायची, "आपल्यातला कोण होता रे तो?" तेव्हाही गप्प. ज्यांच्याबरोबर दर सम रविवारी वाटेवरचं पाणी काढायचे चर साफ केले, तीच पोरं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली आणि मग यायचीच बंद झाली. आज का लिहितोय ते शेवटी कळेल.

गेल्या थंडीत एका दुपारी बाबा दुकानात आले. बसले नाहीत. आमच्या सायकलींना 'डोंगर ओरखडणारी यंत्रं' म्हणणारे आपले बाबा, हात मागे बांधून एकेक सायकल बघत फिरले. मग म्हणाले, "गुडघ्यांना त्रास न होता उतरता येईल, अशी असते का एखादी?"

"असते की. कोणासाठी?"

"आहेत एक ओळखीचे."

"उंची किती त्यांची?"

"माझ्याएवढी," बाबा म्हणाले. मी हसलो नाही, याची नोंद घे. फार कठीण गेलं.

त्यांचे गुडघे किती गेलेत हे तुला माहीत होतं का? तू रोज त्यांच्याबरोबर राहतेस, दर विषम रविवारी त्यांना वर घेऊन जातेस, तरी विचारतो. चढताना काही नाही. उतरताना दर पावलाला सुया. तुमच्यासमोर ते कण्हत नसत, कारण मागे पंचवीस माणसं आणि पुढे संस्थापक. खाली आल्यावर माझ्या दुकानामागच्या नळावर येऊन गुडघ्यांवर पाणी ओतत बसायचे. आणि मला बजावून ठेवलेलं, "ताईला सांगू नकोस, ती वर जाणंच बंद करेल माझं."

दोन महिने मी त्यांना दुकानाजवळच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत शिकवलं. लहानपणी त्यांनी मला शिकवलं तसंच, मागून सीट धरून. पडले, उठले. कपडे झटकून पुन्हा बसले. हेल्मेट घालायला तयार, पण पँटच्या पायाला क्लिप लावायला तयार नाहीत. म्हणे, क्लिप लावली की माणूस चोरासारखा दिसतो. मी म्हटलं, साखळी उजवीकडे असते, उजवी पँट खराब होईल. म्हणाले, होऊ दे.

आणि मग एकतीस तारीख. ती त्यांनीच शोधली. ना तुमचे लोक, ना आमचे. चढताना ते पायी, दोन्ही सायकली मी ढकलत. उतरताना ते पुढे, मी माझ्या सायकलवर मागे. ताई, वाटेवर चिटपाखरू नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर बाबा घंटी वाजवत होते. खाली पोचल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं हा डोंगर मी पायांकडे बघत उतरलो. आज समोर बघत उतरलो." त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी तुला सांगणार नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे.

तिसऱ्या एकतीस तारखेला ते पडले. ती दुसऱ्या वळणावरची पायरी आहे ना, रुंद दगडाची, ज्यावर बसून तुम्ही सगळे डबा उघडता? बाबांनीच ती बसवलीय, मीही तेव्हा पाण्याची बाटली घेऊन बरोबर होतो. त्या पायरीवरून सायकल सहज उतरते, आमच्यातलं नवखं पोरसुद्धा उतरवतं. मी मागून ओरडलो, "सरळ जा बाबा, सरळ." पण दगडाचा टवका उडेल म्हणून ते बाजूने काढायला गेले. बाजूला माती भुसभुशीत. पायरी वाचली.

मी धावत गेलो. हात वेडावाकडा, ओठ पांढरे. म्हणाले, "आधी सायकल खाली ने."

"बाबा, आधी माणसं आणतो."

"आधी सायकल."

मी नेली. त्यांना तिथे तसंच टाकून, हेल्मेट आणि दोन्ही सायकली दुकानात लपवून, मग माणसं घेऊन वर गेलो. त्याबद्दल मला जे बोलायचं ते बोल, मी रोज बोलतो. स्ट्रेचरवर चढवताना कोणीतरी विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, "मागून सायकल आली. चेहरा नाही दिसला." मी त्यांचे बूट हातात धरून शेजारी उभा होतो. आणि इस्पितळात, तू फॉर्म भरायला गेलीस तेव्हा त्यांनी शब्द घेतला. "ताईला कळलं तर ती संस्थेत तोंड कसं दाखवेल?" माझ्या तोंडाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

नंतर एकदाच मी भेटायला आलो, आठवतं? खोलीत तुमची चार-पाच मंडळी बसली होती. बाबा माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "याच्याच दुकानातून जातात ना सायकली वर." सगळे हळहळले. मी संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभा राहिलो, खुर्ची कोणी दिली नाही. मंडळी उठली, तू त्यांना दारापर्यंत सोडायला गेलीस, तेवढ्यात बाबांनी चांगल्या हाताने माझं मनगट पकडलं आणि हळूच विचारलं, "पायरी शाबूत आहे ना रे?"

मी म्हटलं, आहे. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांचा मला राग येतो. लिहून टाकतो एकदा. म्हाताऱ्या माणसाने आपली लाज झाकायला पोराच्या दुकानावर पांघरूण ओढलं, आणि त्या पांघरुणाखाली ते आता स्वतःच गुदमरतायत. सायकलींना वाट बंद, म्हणजे त्यांनाही बंद. पायी ते उतरू शकत नाहीत आणि आता दुसरं काही उरलं नाही. औषधवाला म्हणतो, दिवसभर खिडकीशी असतात. ही बातमी मात्र त्याने बरोबर दिली असणार.

आता शेवटचं.

काल साखळ्या खोक्यात भरताना माझ्याच पँटला ग्रीस लागलं. उजव्या पायाला, आतल्या बाजूने, काळाकुट्ट पट्टा. चिंधी शोधायला वळलो आणि तसाच उभा राहिलो. मला तुझा फोन आठवला. बाबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू इस्पितळातून घरी कपडे धुवायला गेली होतीस. तिथून फोन केलास. "ऐक ना, काळं ग्रीस कपड्यावरून कशाने निघतं?" मी विचारलं, कसलं ग्रीस? तू म्हणालीस, शिवणयंत्राचं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी नीट सांगितलं, आधी रॉकेल, मग भांड्यांचा साबण, गरम पाणी नको. तू थँक्यू म्हणालीस. आपलं शेवटचं धड बोलणं तेच.

ताई, शिवणयंत्राचं तेल पांढरं असतं. लहानपणी आईच्या यंत्रात ते थेंब-थेंब सोडायचं काम माझं होतं आणि तू बाजूला बसून चूक काढायचीस. काळं ग्रीस आपल्या अख्ख्या घरात कुठेही नाही. ज्याला मागून सायकल धडकते त्याच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला साखळीचा पट्टा उमटत नाही, हे कळायला सायकलचं दुकान लागत नाही. आणि तू काही मूर्ख नाहीस. तुला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती पँट धुऊन, वाळवून, घडी घालून तू अहवाल लिहायला बसलीस.

मी काल रात्रीपासून स्वतःला समजावतोय की तू बाबांची लाज राखलीस. पण त्यासाठी 'भरधाव' लिहायची गरज नव्हती, 'पळ काढला' लिहायची तर अजिबात नव्हती. तुला राग सायकलींचा नव्हताच. बाबांचं पथ्य, औषधं, रात्रीबेरात्रीचा खोकला सगळं तुझ्याकडे, आणि आयुष्यात एकदा त्यांना मजा करावीशी वाटली तर ते माझ्याकडे आले, याचा होता. बरोबर आहे ना? मला त्याचं सुख होत होतं, हेही कबूल. गोदामामागे त्यांची सीट धरून पळताना मी मनात तुला चिडवत होतो. आता फिटलं म्हण.

सोमवारी मी येणार नाही. साहेबांना निरोप पाठवलाय की मला काही सांगायचं नाही. मी बाबांना शब्द दिलाय. तू मात्र कोणाला काही शब्द दिलेला नाहीस.

एक सायकल विकली नाही. सीट त्यांच्या उंचीला लावलेली आहे, ती खाली करायला पाना घेतला होता, झालं नाही. गुरुवारी टेम्पोवाला तुझ्या दारात उतरवून जाईल. घंटी चालू आहे. सोबत पाकिटात पँटची क्लिप आहे, कोरी, एकदाही न वापरलेली. ठेव किंवा भंगारात दे. त्यांना खिडकीतून दिसेल अशा जागी ठेवू नकोस, एवढं ऐक.

उशी उंच दे.

आणि डाग निघाला का, तेवढं कळव.

तुझा,
धाकटा