डोळे शेवटी

४ जानेवारी
लेकीच्या घरी राहायला आलो. वरची खोली मला दिली आहे. उजेड भरपूर. टेबल तेवढं दाराला खेटून आहे आणि एका पायाने लंगडं. दार उघडलं की हादरतं. लेक चहा घेऊन येते ती दार गुडघ्याने ढकलतच, लहानपणची खोड. डॉक्टर म्हणाले, हाताची थरथर वाढू नये म्हणून रोज चार ओळी लिहा. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे जडच, पण लिहिलं की हात खरंच थोडा थांबतो.

६ जानेवारी
आधीचा भाडेकरू कपाटात एक खोका टाकून गेला आहे. आत धातूचे, बोटाएवढे सैनिक. भालेवाले, तिरंदाज, एक पंखवाला राक्षस. टेबलावर मांडून लढाया खेळायचे म्हणे. जावई म्हणाले, बाबा, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, आता यांना कपडे घाला, बिचारे कुडकुडताहेत. लेक म्हणाली, निदान तुमचं ते गॅस बंद केलास का, हे दहादा विचारणं तरी थांबेल.

११ जानेवारी
सैनिक बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे धरता येतो. आधी काळ्या रंगाचा हात, मग कपडे, चेहरा, डोळे शेवटी. अनोळखी चेहरा मला कधीच जमला नाही. तिरंदाजाला समोरच्या शिंप्याचा दिला, गालावरच्या चामखिळीसकट. गुडघे टेकून जखमींना पाणी पाजणारी एक बाई आहे, तिला लेकीचा. लेक हसली. म्हणाली, लढाईतही मला कामालाच लावलंत ना.

१३ जानेवारी
शिंपी दुकानात उभ्याउभ्या आखडला. डावा हात पुढे ताठ, उजवा कानापाशी. जावई म्हणाले, लकवा असेल. मीही हो म्हणालो. वर येऊन तिरंदाजाकडे पाहिलं. तसाच उभा.

१४ जानेवारी
लेक फरशी पुसायला बसली, ती उठलीच नाही. गुडघे सरळ होत नाहीत. डॉक्टरांना कळेना. ती म्हणते, बरंय, फरशी तरी चकाचक राहील. मला तिच्याकडे बघवत नाही.

१५ जानेवारी, सकाळ
रंग उतरवला तर ती सुटेल. बाईला थिनरच्या वाटीत बुडवलं. इतकी वर्षं पाट्या खरवडल्या, तरी सुचलं नाही — शेवटचा हात आधी सुटतो. डोळे —
खालून किंकाळी. काही दिसत नाही म्हणते.

दुपार
बाईला काढलं, पुसलं. डावा डोळा परत रंगवला, जमला. जावई खालून ओरडले, एका डोळ्याने दिसतंय म्हणते. ते डॉक्टरांना आणायला पळाले. आता उजवा. सुईच्या टोकाएवढी जागा. हात थांबावा म्हणून लिहितो आहे.

झाला. नीट झाला. रंग ओला आहे. बुचावर उभी ठेवली. वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

जिन्यावर आवाज. पावलं नाहीत. गुडघे. एक पायरी — थांबली — पुढची.
ओरडलो, वर येऊ नको. ती म्हणते, बाबा, दिसतंय मला, दोन्ही डोळ्यांनी, येऊ द्या ना.

थिनरची वाटी टेबलावर बाईच्या शेजारीच. उघडी. आधी ती उचलायला हवी होती —
हात —
दार गुडघ्या