सरांचं चालणं

शनि. २२ नोव्हेंबर १९९७
सकाळची शाळा. ९ वी ब ला प्रकाशाचं परावर्तन पूर्ण केलं. सुटल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. ह्यांचा नाट्यवर्ग ऑगस्टपासून बंद आहे, हे हार्ट अटॅकनं गेल्यापासून. संमेलन तोंडावर आलंय, मुलं विचारतात. "बाई, तुम्हीच घ्या. सरांची एकांकिका निम्मी बसलेली आहे." म्हटलं, मी विज्ञानाची. म्हणाले, "तुम्ही घरात बघितलंय की सगळं."
काय बघितलं? हे चित्रकला शिकवायचे, नाटक मात्र शाळेतच ठेवून घरी यायचे. हो म्हणून आले. आता वाटतंय, का म्हटलं.

शनि. २९ नोव्हें.
पहिला वर्ग. मुलं सतरंजीवर, मी खुर्चीत. सुरुवात कशी करायची तेच कळेना. शेवटी इम्राननंच सांगितलं, "बाई, सर आधी माणूस आणायला लावत्यात."
म्हणजे आठवडाभर एका माणसाकडे नीट बघायचं. मग त्याचं चालणं, बसणं करून दाखवायचं, आणि त्यातून नाटकातलं पात्र उभं करायचं. नियम एकच. ज्याचं घेतलं त्याच्या घरी जाऊन परवानगी मागायची. नाही म्हणाला तर सोडून द्यायचं. मागे एकानं गल्लीतल्या पैलवानाची नक्कल केली आणि पैलवान शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला, तेव्हापासूनचा हा नियम. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.
इम्राननं एस.टी.चा कंडक्टर केला. "ओ पावणं, आत सरका की! दारात काय लगीन लागायचंय?" परवानगी आणलीस का? "व्हय बाई. म्हणला कर, पण तिकीट काढून कर."
हसले. बऱ्याच दिवसांनी.
राजश्री मागे गप्प बसून. ९ वी ब, गडमुडशिंगीहून येते. एकांकिकेतला म्हातारा तिच्याकडे, मुलगी असून. ह्यांनीच दिलेलं काम. "तुझा माणूस?"
"पुढच्या बारीला आणतो, बाई."

शनि. १३ डिसें.
राजश्रीनं माणूस आणला.
बाकं रचून जिना केला. कठड्याला डावा हात. दोन पायऱ्या चढली, थांबली, मान वर करून समोरचा नोटीस बोर्ड वाचायला लागली. बोर्ड नव्हताच तिथं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. उजवा हात छातीपाशी गेला. लगेच खिशाकडे वळवला, खडू शोधत असल्यासारखा.
मग इम्रान हळूच, "सर हायत की हे."
वर्ग सोडून दिला.
हे जिन्यात थांबायचे ते मला ठाऊक होतं. वरून स्टाफरूमच्या दारातून मी म्हणायची, "रोज काय वाचताय तिथं? नोटीस बदलते तरी का?" हे हसायचे. पण तो हात मी कधी

सोम. १५ डिसें.
स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलेलं. पाटीलबाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची नक्कल? वर्षसुद्धा झालं नाही. काढून टाका हो त्या पोरीला." मु.अ. म्हणाले, तुमच्यावर सोडतो. पण म्हातारा नाही तर एकांकिका नाही, आठ दिवसांत दुसरं कोण उभं राहणार.
तासाला राजश्रीनं मान वर केली नाही. मीही तिला प्रश्न विचारला नाही.

बुध. १७ डिसें.
संध्याकाळी राजश्री घरी आली, आईला घेऊन. आई दारातूनच, "बाई, पोरीला जेवान जाईना झालंय. काय केलंय तिनं, सांगा तरी."
आत बोलावलं. राजश्री उभीच. पाठ करून आल्यासारखं म्हणाली, "परवानगी मागायला आलोय, बाई. सर न्हाईत, म्हणून तुमच्याकडं."
विचारलं, छातीवर हात नेलेला कधी बघितलास?
"लई वेळा. एकदा पायरीवरच बसलते. मी पाणी आणून दिलं. म्हणले, बाईंना सांगायचं न्हाय. शपथ घातली."
"आणि तू नाही सांगितलंस."
"न्हाय."
आई "अगं बया" म्हणाली.
फार राग आला. चौदा वर्षांच्या मुलीचा. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हटलं, "घरी जा. सांगते नंतर." चहासुद्धा विचारला नाही.
बोळातून तिचा आवाज येत होता. "न्हाय करत मी सरांचं. पण सांगायचं तर हुतं की गं त्यास्नी."

शुक्र. १९ डिसें.
तालीम. राजश्रीनं म्हातारा बदलला. कमरेत वाक, खोकला, हातात काठी. वाईट नव्हता. कुठल्याही नाटकातला.
इम्रान, "ह्यो कोण? ह्याला वळकत न्हाय आपण."
"गप की रं," राजश्री.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, संवाद नीट पाठ करा.
हो म्हटलं तर सगळ्या शाळेपुढे तो हात परत वर येणार, आणि मी समोर खुर्चीत. नाही म्हटलं तर ते तिच्या एकटीकडेच राहणार. एवढ्याशा पोरीवर टाकायला नको होतं ह्यांनी. मला सांगितलं असतं तर मी काय

सोम. २२ डिसें.
उद्या संमेलन. दुपारी रंगीत तालीम, काठीवाला म्हाताराच. मु.अ. म्हणाले, छान. संपल्यावर राजश्री जवळ आली. मिशी अजून तशीच.
"बाई, उद्या कुठलं चालायचं?"
"सकाळी सांगते."
"बरं." थांबली. "दोन्ही येत्यात मला."
मुलं गेली. शिपाई खालची कुलपं लावत होता. माझी पर्स वर राहिली होती. जिन्यात नोटीस बोर्डापाशी थांबले. कठडा गार लागला. संमेलनाची नोटीस, तिच्याखाली सहामाहीचं वेळापत्रक अजून तसंच, टाचण्या गंजलेल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, घातला. वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग वर गेले.