उतारा म्हणजे काय

बाई, आज कचेरीबाहेर माझ्या टेबलापाशी हिर्डोशीकडची एक म्हातारी आली होती. मी तिथं लोकांचे अर्ज लिहून देते, त्यांना आलेली कागदपत्रं वाचून सांगते. तिच्या हातात नोटीस होती. "सुनंनं वाचली समदी, पर कळलं कायबी न्हाई," म्हणाली. मी ती वाचली, बाजूला ठेवली आणि तिच्या बोलीत तिला सांगितली. मग विचारलं, "आता तुमी सांगा, काय कळलं?" विचारताना मला तुमचाच आवाज ऐकू आला. म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

आठवीला मी भोरच्या शाळेत आले, तेव्हा मला माझ्या वाचनाचा केवढा अभिमान होता! डोंगरातल्या आमच्या शाळेत कुणी पाहुणा आला की मलाच उभं करायचे. आता मी उत्रोलीला मावशीकडे राहत होते आणि तिथून चालत शाळेला येत होते. तुमच्या वर्गातल्या पहिल्याच आठवड्यात मी अख्खा धडा घडाघडा वाचला, एकदाही अडखळले नाही. तुम्ही म्हणालात, "आता पुस्तक मिट. धड्यात काय झालं ते सांग." मी उभीच. एक वाक्य सुचेना. तुम्ही बराच वेळ थांबलात आणि म्हणालात, "म्हणजे तू वाचलं नाहीस. नुसता आवाज काढलास." सगळा वर्ग हसला. घरी जाईपर्यंत माझं रडं थांबलं नाही. मावशी चिडली. "एवढं बोलायचं का पोरीला? नगं जाऊस उद्या." मी दोन दिवस खरंच गेले नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्हीच मावशीच्या दारात! तिची कोण धांदल उडाली. सतरंजी शोधेपर्यंत तुम्ही उंबऱ्याशी बसलातसुद्धा. "चारचौघांत बोलायला नको होतं, चुकलं माझं," तुम्ही मावशीला म्हणालात. "पण जे बोलले ते खरं आहे. रविवारी हिला माझ्याकडे पाठवा." शिकलेलं माणूस आपल्या घरी येऊन चूक कबूल करतं, हे मावशी पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

तो पहिला रविवार मला अजून दिसतो. तुम्ही पोळ्या लाटताय, मी भिंतीशी पाटावर बसलेय. तुम्ही म्हणता, "तो दुसरा उतारा वाच." मी पुस्तकाकडे नुसती बघत राहते.

"का गं? उतारा म्हणजे काय, माहीत नाही?"

"म्हाईत हाय की, बाई. तिकाटण्यावर ठेवत्यात तो. भात, लिंबू, कुंकू. त्यो वलांडायचा नसतो."

तुमचं लाटणं थांबलं. आता हसतील, असं मला वाटलं. तुम्ही हसला नाहीत. "बरोबर आहे," म्हणालात. "आणि तलाठ्याकडून आणतात तो?" "त्योबी उताराच की!" "आणि विषावर देतात तो?" एका शब्दात एवढी माणसं राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही शिकवलंत, शब्द अडला की लगेच कोश उघडायचा नाही, आधी शेजारच्या वाक्यांना विचारायचं. अंदाज करायचा, मग कोशात पाहायचं, आणि चुकला तर का चुकला ते वहीत लिहायचं. दर परिच्छेदानंतर पुस्तक मिटून मी तो माझ्या घरच्या बोलीत सांगायचा. तुम्ही मध्ये बोलायचा नाहीत. मी शब्द शोधत असले की तुम्ही पोळी उलटत थांबायचात.

एकदा सांगता सांगता मी "राब" म्हणाले. तुम्ही पीठ लागलेल्या हातानंच विचारलंत, राब म्हणजे नक्की काय करतात? मी सांगितलं: भाताचं बी टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, ती राख कशी गरम लागते पायाला, वास कसा कपड्यांतून जात नाही. तुम्ही हात धुऊन आलात आणि स्वतःच्या वहीत ते लिहून घेतलंत. "मला हा शब्द पाठ होता," म्हणालात, "माहीत नव्हता." त्या दिवशी उत्रोलीला परतताना मी वाटेतला पूल कधी ओलांडला, कळलंच नाही.

मग कॉलेज, लग्न, हे कचेरीचं काम. तुम्हाला अर्धांगवायू झाल्याचं कळलं तेव्हा नाचणीचं पीठ घेऊन भेटायला आले. तुम्ही खुर्चीत होतात. मला ओळखलंत, डोळे भरून आले तुमचे. काहीतरी सांगायचं होतं. "ते... ते..." एवढंच येत होतं. मला ते बघवेना. "पाणी? औषध देऊ? पंखा लावू?" मी एकामागून एक शब्द पुढं करत गेले. तुम्ही दर वेळी मान हलवलीत आणि शेवटी खिडकीकडे तोंड फिरवलंत. जरा थांबले असते, तर तो शब्द आलाही असता कदाचित. मी उठले. पुढच्या सोमवारी येते, म्हणाले.

तुम्ही गेलात, त्याला आता बरीच वर्षं झाली. हे पत्र टपालात पडणार नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. त्या सोमवारी का आला नाहीत, असं तुमच्या सूनबाईंनी नंतर विचारलं, तेव्हा मी एसटी चुकली म्हणाले. एसटी चुकली नव्हती, बाई. मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते.