तळ्यातली गाबोळी

१२ एप्रिल
आलो एकदाचे! शारजाहून रोज ट्रॅफिकमध्ये सडत येण्यापेक्षा कंपनीनं दुबईच्या या व्हिला कॉलनीतच घर दिलं, म्हणजे लॉटरीच की. अस्मिता खूश, आमची सृष्टी तर खिडकीलाच चिकटलीय. समोर कृत्रिम तळं, आणि त्याचा नवा सुपरवायझर मी! फक्त ते पाणवनस्पतींनी पार बुजलंय. हात घातला तर मोरीच्या जाळीतून केसांचा गुंता निघावा तसा हिरवा पुंजका निघाला. शी!

१४ एप्रिल
मॅनेजर अलीमियाँ रत्नागिरीचे, त्यामुळे लगेच सूर जुळले. शुक्रवारी मालकांची व्हिजिट, तेव्हा यल्ला, चला लवकर, तणनाशक एकदमच मारून खलास करा, म्हणाले. खरं तर तळ्यातलं तण थोडं थोडं करून मारायचं असतं. सगळं तण एकदम कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पण नवी नोकरी, तोंड कोण उघडणार? मारलं.

१७ एप्रिल
तण तपकिरी होऊन तळाशी बसलं. घाण वास! मासे वर येऊन आ वासतायत. आम्ही अलिबागकर एरवी तळ्यातल्या मासळीला नाकं मुरडतो. पण जिवंत, फडफडती मासळी फुकटात कोण सोडणार? अलीमियाँनीही फुगीर पोटाची, गाबोळीची मासळी निवडून पिशवी भरली. अस्मितानं शिवलीसुद्धा नाही, मीच तळली. आमच्याही एका माशात भरगच्च गाबोळी निघाली, जराशी हिरवट. ती सगळी लाडक्या लेकीला. सो यम्मी, पप्पा, म्हणाली.

१९ एप्रिल
अलीमियाँ कामावर नाहीत. फोनवर त्यांच्या झुबेदाभाभी रडत होत्या. म्हणे, ते हिरवं हिरवं ओकतायत. सृष्टीच्या अंगाला तळ्याचा वास येतोय. दोनदा आंघोळ घातली, जात नाही.

२० एप्रिल
सृष्टीच्या उलटीत धागे. लांब, बुळबुळीत — बेसिनमध्ये वळवळत होते. डॉक्टर म्हणाले, व्हायरल. व्हायरल कसलं डोंबलाचं! मी, मी भरवली तिला ती घाण —

२१ एप्रिल
घशात हिरवं टोक दिसतंय. ओढलं. हातभर आलं, आणि आतून परत खेचलं गेलं. किळस आली मला, माझ्याच पोरीची —
अलीमियाँ गेले.

पुन्हा २१
श्वास घरघरतोय. अँब्युलन्स अजून नाही. तण आहे ना हे? मग तणासारखंच — स्टोअरमधला कॅन आणलाय. चमचाभर. नाही, थेंबभरच — अस्मिता दार बडवतेय. कडी लावलीय मी. सृष्टी, बाळा, आ कर —